एका नावावर दोघी

शाळेचं नाव इचारू नका. सर अजून जिते हायेत, आन त्यांच्या घरचं मी चार वरीस खाल्लेलं हाय. खाल्ल्या घरचे वासे मोजायची मला सवय न्हाई. बँकेचं नावबी सांगणार न्हाई. बाकी सगळं सांगते. मधीच माझं डोकं सरकंल, एखादी शिवी जाईल, तेवढं समजून घ्या. घरात आमी गोरमाटी, म्हणजे आमची बंजाऱ्यांची बोली, बोलतो, पण तुमाला कळावं म्हणून मराठीतच सांगून राहिले.

मला बँकेत लागायचं व्हतं. हसू नका. तांड्यावरची पोरगी, सहा महिने उसाच्या फडात, आन म्हणती काय तर बँकेत लागायचं! माझा बा बी आसाच हसला व्हता. पण मला खोखोच्या जोरावर लागायचं व्हतं, आन खोखो मला येत व्हता. नुसता येत न्हवता, माझ्यासारखा आख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणाला येत न्हवता. तवा आपला हिंगोली जिल्हा व्हायचा व्हता, आमी परभणीकडूनच खेळायचो.

माझं नाव रूपा. अमरसिंगची थोरली. आमचा तांडा सिद्धेश्वरच्या धरणापासून कोसभर. धाकटी निलम, माझ्याहून तीन वर्सांनी लहान, पण तोंडवळा अगदी माझाच. मी जलमले तवा बा आन याडी, म्हणजे आमची आई, दोघंबी ऊसतोडीला जायचे आन मला संग न्यायचे. निलम जलमली तवर आजी घरी बसायला लागली व्हती, मंग तिला आजीपाशी ठेवली. म्हणून निलमचं नाव शाळेत, माझं न्हाई. माझं एकदा घातलं व्हतं पहिलीत. दिवाळीला ऊसतोडीची टोळी निघाली, मी गेले, मास्तरनं नाव काटलं. पुढल्या साली घातलं, परत काटलं. तिसऱ्या साली बा म्हणला, "जाऊ दे. कितीदा घालायचं आन कितीदा काटायचं?"

शहाण्णव साल आसंल. मी सोळाची, निलम तेराची. पाऊसकाळ व्हता, टोळी घरी व्हती. निलमला आणायला मी शाळेत गेले, तर ग्राउंडवर पोरी खोखो खेळून राहिल्या व्हत्या. एक पोरगी तापानं आली न्हवती. रामकिशन सर शिट्टी तोंडात धरून वैतागलेले. सर शिरड शहापूरचे, शेतकऱ्याघरचे, तोंड लई फाटकं पण मन निर्मळ. मला बघून म्हणले, "ए पोरी, उभी काय राहिलीस खांबासारखी? पळ जरा, या म्हशींना कुणीतरी पळवायला पाहिजे."

मंग मी पळाले. फडात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायची सवय, मला त्या मोकळ्या ग्राउंडवर काय जड? नऊ पोरी मागं लागल्या, एकीचाबी हात लागला न्हाई. सरांनी शिट्टी वाजवली न्हाई. ती त्यांच्या तोंडातून खाली पडली व्हती.

"नाव काय गं?"

"रूपा."

"कोणत्या वर्गात?"

"कोणत्याच न्हाई."

सर तिथंच दगडावर बसले. मंग म्हणले, "बापाला घेऊन ये उद्या."

बा आला. सरांनी सांगितलं ते आसं: रूपाचं नाव पटावर न्हाई, निलमचं हाय. फॉर्मवर निलम लिहायचं, जन्मतारीख निलमची, फोटू रूपाचा. बा नं डोकं खाजवलं. "काई तकलीफ तर न्हाई ना व्हायची, सर?"

"कसली तकलीफ? सगळेच करतात. मिशा फुटलेली पोरं चौदा वर्सांखाली खेळून राहिलीत, त्यांला कोण इचारतं? तुझी पोरगी तर निदान पोरीवानी दिसती."

बा हसला, मीबी हसले. निलमला कुणी इचारलं न्हाई. ती दाराशी दप्तर घेऊन उभी व्हती.

आसं चार वरीस चाललं. ऊसतोडीच्या दिवसांत सर मला घरी ठेवून घ्यायचे. त्यांची बायको मंजुळाबाई मला पोटच्या पोरीवानी वागवायची, संध्याकाळी पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची. मराठी वाचायला मी त्यांच्याच चुलीपाशी शिकले. आन मैदानावर मी निलम. "निलम, खो!" म्हणलं की माझे पाय आपोआप उठायचे. जिल्हा झाला, विभाग झाला, मंग राज्याच्या कुमारी संघात दोनदा गेले. कुमारी म्हणजे आठरा वर्सांखालच्या. माझी आठरा कवाच उलटली व्हती, पण निलमची कुठं उलटली व्हती?

गावाला ठाऊक व्हतं, तांड्याला ठाऊक व्हतं. एक गंमत सांगते. मेडल घेऊन आले की शाळेत सत्कार व्हायचा. हेडमास्तर माईकवर म्हणायचे, "निलम अमरसिंग राठोड!" आन रांगेतून उठायची निलम. कारण शाळेची पोरगी ती. हार तिच्या गळ्यात, टाळ्या तिला, फोटू तिचा. मी गडग्याच्या बाहेर, आमच्या शेळ्या घेऊन. पोरी फिदीफिदी हसायच्या. निलम घरी आली की हार काढून माझ्या गळ्यात घालायची आन म्हणायची, "घे बाई, तुझा हाय." आमच्यात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मला तवा त्याचं काईच वाटलं न्हाई. उलट मजा वाटायची.

बँकेचं याड लागलं ते औरंगाबादच्या शिबिरात. तिथं शितल मॅडम शिकवायला यायच्या. सकाळी साडेपाचला मैदानावर, दहाला आंघोळ करून बँकेत. त्या स्वतः खेळाडू, खेळावरच लागलेल्या. एक दिवस आमा चार पोरींना घेऊन गेल्या बँकेत. मॅडम काचेमागं बसल्या. डोक्यावर पंखा. म्हातारी धोतरवाली माणसं हात जोडून म्हणू लागली, "मॅडम, जरा बघता का?" आन मॅडमवर कुणी वरडत न्हवतं! फडात मुकादम वरडतो, ट्रकवाला वरडतो, कारखान्यावर वजनाचा माणूस वरडतो. म्या इचारलं, "मॅडम, तुमी दिवाळीनंतर कुठं जाता?" मॅडमला कळलंच न्हाई. म्हणल्या, "कुठं जाणार? इथंच असते की बारा महिने."

बारा महिने एकाच जागी. तुमाला ह्यात काय नवल वाटणार न्हाई. मला त्या रातच्याला जेवण गेलं न्हाई.

मॅडम म्हणल्या, "दहावी कर, निलम. दहावी झाली की खेळाडूंच्या भरतीत तुला कुणी अडवणार नाही. मी बघितलाय तुझा खेळ."

गावी आल्या आल्या सरांकडं गेले. "सर, मला दहावीला बसवा. बाहेरून बसता येतं म्हणं, सतरा नंबरचा फॉर्म भरून."

"कोणत्या नावानं बसशील?" सर म्हणले.

"माझ्या. रूपाच्या."

"आन मेडलं कोणाच्या नावावर हायेत?"

इतकी येडी कशी मी? चार वरीस पळाले, आन हे माझ्या ध्यानात आलं न्हवतं. म्हणले, "मंग मेडलं माझ्या नावावर करा की."

सरांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. "तसं केलं रूपे, तर आख्खा संघ बाद व्हतो. बाकीच्या पोरींची सर्टिफिकिटं जातात. त्यातल्या दोघी पोलिसात लागायच्या बेतात हायेत. माझी नौकरी जाती ती येगळीच." मंग हळूच म्हणले, "माझं चुकलं गं. म्या फक्त जिंकायचं बघितलं."

तवा सरांना शिव्या घातल्या म्या, तोंडावर. मंजुळाबाई चुलीपुढं बसून रडून राहिल्या व्हत्या. सर म्हणले, "घाल. आणखी घाल." मंग माझाच जीव थकला.

दोन हजार एकच्या पावसाळ्यात जाहिरात आली. सर पेपर घेऊन सायकलवर तांड्यावर आले, घामानं निथळत. बँकेत खेळाडूंची भरती. खोखो, मुली. दहावी पास, राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली. आधी मैदानावर चाचणी, मंग मुलाखत. लेखी परीक्षा न्हाई. निलम तवा बारावीला व्हती, दहावीला तिला एकसष्ट टक्के. तिला नांदेडला जाऊन नर्सचं शिकायचं व्हतं, आंगणात आजीचं बी.पी. बघायचं नाटक करायची.

सर बा ला म्हणले, "मार्ग एकच हाय. रूपानं निलम म्हणून जायचं. मेडलं निलमच्या नावावर, दहावी निलमच्या नावावर. रूपा कायमची निलम झाली की झालं."

बा खूश. याडी खूश. मी तर आभाळात. निलम दाराशी उभी व्हती, म्हणली, "आन मी?"

मीच म्हणले, "तुला शिकवीन की गं मी. नौकरी लागली की तुला नांदेडला ठेवीन, नर्स कर."

"कोणत्या नावानं शिकवशील?" निलम म्हणली. ती कधी आवाज चढवत न्हाई, तवाबी चढवला न्हाई. "बाई, तू दहावी पास निलम झालीस, तर मी कोण? शाळेतून नाव काटलेली रूपा? मंग माझी धा वर्सं कुठं गेली?"

बा तडकला. "थोरली पळाली म्हणून मेडल आलं. तू काय केलंस? पुस्तकंच वाचलीस ना? लगीन करून दिलं की तुझं नाव तसंबी बदलणार हाय."

खरं सांगते, मला तवा तिची बाजू घ्यायची व्हती. पण मला ती काच दिसून राहिली व्हती, तो पंखा, ते बारा महिने. मी गप बसले. आयुष्यात मी दोन-चार येळाच गप बसले आसंन, त्यातली ही एक.

दोन दिसांनी निलमनं स्वतः प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मार्कशीट आणून दिली. सही शिकवायला माझ्याजवळ बसली, माझा हात धरून. "ल ला मी आसं शेपूट देते बाई, इसरू नको." मला म्हणली, "तू पळ. मंग बघू." मला वाटलं, मानली बया. माझी आक्कल तेवढीच.

चाचणीला औरंगाबादला गेले सरांसंग. चाळीस पोरी व्हत्या, घ्यायच्या दोन. चांगल्या बुटाच्या, चांगल्या घरच्या. मी काय पळाले म्हणून सांगू! एका डावात पाच मिनिटं कुणाच्या हाती लागले न्हाई. एकीनं तर मधीच कमरेवर हात ठेवले आन म्हणली, "हिला मी नाही पकडू शकत." मुलाखतीला तीन साहेब. नाव? निलम अमरसिंग राठोड. जन्मतारीख? धाडकन सांगितली. दहावीला टक्के? एकसष्ट. "वा, खेळून एकसष्ट!" साहेब म्हणले. मला निलमचा लई अभिमान वाटला, आन दाराशी "आन मी?" म्हणलेली ती आठवली. "घरी पत्र येईल," साहेब म्हणले.

भादवा गेला, दसरा गेला, पत्र न्हाई. दिवाळी आली. टोळी निघाली. त्या साली याडीची कंबर धरली, उठता येईना. ऊसतोडीत कोयता म्हणजे दोन माणसं धरतात, एक तोडणारा, एक मोळी बांधणारी. बा नं मुकादमाला शब्द दिलेला, एकट्याला कोण घेईल? म्हणून मी गेले. माझीच चूक. पत्र येणार हे ठाऊक आसून गेले. पण बा ला एकट्याला कसं धाडायचं, तुमीच सांगा. निलमला सांगून गेले, "पत्र आलं की लगेच कळव. सांगलीकडं हाय टोळी." कारखान्याचा पत्ता वहीत लिहून दिला माझ्या हातानं.

आख्खा हंगाम वाट बघितली. गाडी रिकामी करून डायवर आला की इचारायची, "माझं काई पत्र हाय का?" टोळीतल्या बायका चिडवायच्या, "बँकवाली, तुझी बँक उसात हरवली का काय?" मीबी हसायचे. मोळी बांधता बांधता मनातल्या मनात जन्मतारीख घोकायचे, इसरू नये म्हणून.

पाडव्यानंतर परतलो. ट्रक तांड्यावर थांबायच्या आत आजी पुढं आली, तोंडभर हसत. "निलमला नौकरी लागली! वसमतला, बँकेत! तीन महिने झाले!"

मला वाटलं, म्हातारी घोळ घालून राहिली. म्हणले, "म्हंजी मला लागली. पत्र आलं का?"

"तुला न्हाई गं, निलमला. रोज एस.टी.नं जाती."

मी ट्रकच्या फळीवर तशीच उभी राहिले. बा खाली उतरला, आजीचं ऐकलं, मंग माझ्याकडं बघून म्हणला, "बरं झालं की. घरात आली ना नौकरी? या हातात काय न त्या हातात काय."

आपल्याच बापाला शिवी घालता येत न्हाई म्हणून ट्रकच्या फळीला लाथ घातली.

दुसऱ्या दिशी सकाळच्या गाडीनं वसमतला गेले. हळदीचा हंगाम, मोंढ्यात ही गर्दी. बँक सापडली. आन काचेमागं निलम. माझी बहीण. केस चापून बांधलेले, हाताला घड्याळ, वर पंखा. एक म्हातारा हात जोडून म्हणत व्हता, "मॅडम, जरा बघता का?" ती हसून म्हणली, "द्या बाबा." मंग तिनं मान वर केली आन मी दिसले. तिच्या हातातला शिक्का खाली पडला.

जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी भेटलो.

"पत्र कवा आलं?"

"डिसेंबरात. पंधरा दिसांत हजर व्हा म्हणून लिहिलं व्हतं, न्हाईतर रद्द."

"माझा पत्ता न्हवता का तुझ्याकडं?"

"व्हता."

"मंग काहून न्हाई लिव्हलंस?"

ती रडली न्हाई. माझ्याकडं बराबर बघून म्हणली, "तू आली आसतीस म्हणून."

म्या तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती हलली न्हाई. म्हणली, "आणखी मार बाई. पण ऐक. त्या पत्रावर माझं नाव व्हतं. मार्कशीट माझी, जन्मतारीख माझी, आन फोटूतलं तोंड दोघींचं सारखंच. मी माझ्याच नावानं हजर झाले, तर चोरी कशी? आन तू गेली आसतीस, तर मी जिती कशाला राहिले आसते? माझा एक कागद तरी उरला आसता का?"

"आन माझं पळणं?"

तवा तिचं तोंड वाकडं झालं. खाली बसली, टाकीला टेकून. "त्याचंच तर भ्याव वाटून राहिलं. खेळायला बोलावतात गं मला. पुढल्या महिन्यात बँकांच्या स्पर्धा हायेत. म्या गुडघा दुखावला म्हणून सांगितलंय. साहेबाला शंका आलीय. बाई, तीन दिवस येशील का? माझ्या नावानं? एकदाच?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकदाच! पण खोटं कशाला बोलू, त्याच दमाला माझ्या पायांत सळसळ झाली. मैदान दिसलं. चुन्याच्या रेघा दिसल्या. पुना "निलम, खो!" आन मी उठले, आसंच दिसलं. मंग माझी मलाच घाण वाटली. दुसऱ्याचं नाव घालून तीन दिवस पळायचं आन परत फडात जाऊन मोळ्या बांधायच्या! न्हाई म्हणले. आन ठरवलं, आता सांगूनच टाकायचं. साहेबाला सगळं सांगायचं. बुडली तर दोघी बुडू, सरबी बुडू दे. होऊ दे एकदाचं वाटोळं.

तशीच उठले आन साहेबाच्या खोलीत शिरले. निलम मागून "बाई, बाई" करून राहिली व्हती.

साहेब पन्नाशीचे, चष्मेवाले, मऊ बोलणारे. "या, बसा. तुम्ही निलमच्या मोठ्या बहीण का? चेहऱ्यावरून ओळखलं. बरं झालं आलात, मी घरी निरोप पाठवणारच होतो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच बोलायला लागले.

"तुम्हाला सांगतो, ही मुलगी मी मागून घेतली. यादीत नाव बघितलं आणि वर फोन केला, हिला आमच्या शाखेला द्या. कारण मी बघितलंय हिला. नव्याण्णव साली, परभणीला. मी तिथं होतो तेव्हा, संध्याकाळी सहज मैदानावर गेलो होतो. शेवटचा डाव, हिच्यामागं आख्खा संघ. खांबापर्यंत आली, मला वाटलं संपली. आणि ताई, खांबाला हात न लावता ती अशी वळली," साहेब खुर्चीतून अर्धे उठले, खांदा वळवून दाखवायला गेले, टेबलावरचा पाण्याचा गिलास कलंडला, "अशी वळली की मागची पोरगी खांबावरच आदळली! लोक उभे राहिले. मीही. घरी जाऊन बायकोला करून दाखवलं, ती म्हणाली कंबर मोडाल."

ते वळण माझं व्हतं. साहेबांनी उलटं दाखवलं. उजवा पाय रोवून डाव्या खांद्यानं वळायचं आसतं. माझा खांदा तिथं खुर्चीतच हलला. मी पदर आवळून धरला.

साहेब फडक्यानं पाणी पुसून राहिले व्हते. "आणि आता म्हणते गुडघा गेला. वरून विचारणा झालीय, रुजू झाल्यापासून एकदाही मैदानावर का उतरली नाही. काही लोक तर भलतंच बोलतात, की ही ती नव्हेच म्हणून. मी म्हणालो, असं कसं बोलता? घरच्या माणसानं सांगितलं तर मला तसं लिहून पाठवता येईल. खरं काय ते सांगा. काय झालं तिला?"

हीच येळ व्हती. सांगायचं म्हणून तर आले व्हते. दारातल्या काचेतून निलम दिसत व्हती. स्लिपांवर शिक्के मारून राहिली व्हती, आन एकबी शिक्का जागेवर पडत न्हवता. पण खरं सांगू, तिची दया आली म्हणून न्हाई. साहेबांच्या तोंडाकडं बघितलं म्हणून. मी खरं बोलले आसते, तर त्या संध्याकाळचा तो डाव खोटा ठरला आसता. कागदावरून पुसला गेला आसता, बाकीच्या पोरींच्या सर्टिफिकिटांसंग. नाव खोटं व्हतं, पण पळणं तर खरं व्हतं. ते कुणाच्या का नावावर होईना, राहू दे, आसं वाटलं. आन ते राहायचं, तर ते पळणं आता माझ्याच तोंडानं बंद करावं लागणार व्हतं.

मी म्हणले, "खरंच गेला साहेब गुडघा. जानेवारीत. सुट्टीच्या दिशी कालव्यावर पाय घसरला. मी तिथंच व्हते. कडकन आवाज आला."

"डॉक्टर काय म्हणतात? वर्षभरानं तरी?"

"न्हाई साहेब."

"दोन वर्षांनी?"

"न्हाई. ती आता कधीच न्हाई खेळायची."

बोलले आन माझे पाय गार पडले, मांडीपासून खाली, जणू ते माझे न्हाईतच. साहेबांनी चष्मा काढला. लई येळ पुसत बसले. त्यांचे डोळे भरून आले व्हते, देवाशपथ. आमच्या घरात, तांड्यावर, सरांच्या घरात, कुणीबी आजवर माझ्या खेळासाठी आसं डोळ्यांत पाणी आणलं न्हवतं. "अरेरे," ते म्हणले. "काय मुलगी होती हो! असं पुन्हा बघायला मिळायचं नाही." मला वाटलं उठावं आन त्यांच्या पाया पडावं. पण कशाबद्दल म्हणून सांगू?

त्यांनी कागद ओढला, मी सांगितलं तसं लिहिलं. मला खाली सही करायला लावली. नातं: बहीण. म्या रूपा अमरसिंग राठोड लिहिलं, एकेक अक्षर लावून. चहा मागवला. चहा येईस्तोवर साहेब कायतरी बोलायचं म्हणून बोलले, "एका घरातल्या तुम्ही. तुम्ही नाही का हो खेळलात कधी?"

"न्हाई," मी म्हणले. "आमच्या घरात निलमच खेळायची."